शेवट स्वीकृतीनंतर

‘आलेले साहित्य परत पाठवले जाणार नाही.’

हे वाक्य वाचलं आणि माझ्या मनात पाल चुकचुकली. का नाही पाठवणार? ठेवून घेऊन काय लोणचं घालणार? मी वाचनालयाच्या खुर्चीत सरसावून बसलो आणि मासिकाच्या शेवटच्या पानावरच्या लेखकांसाठीच्या सूचना पुढे वाचल्या. ‘निर्णय कळवण्यास विलंब होऊ शकतो.’ म्हणजे कथा उतरवून घ्यायला वेळ हवा. ‘मजकुरात फेरफार करण्याचा अधिकार संपादकांनी राखून ठेवला आहे.’ म्हणजे उतरवून घेतलेली कथा ओळखू येऊ नये याची सोय. अख्खा गुन्हा कबूल केला होता, आणि तोही छापून. दुसऱ्या मासिकात बघितलं, तर तिथेही हीच वाक्यं. सगळे मिळालेले आहेत, हे माझ्या लगेच लक्षात आलं.

मी विमा कंपनीत दावे तपासतो. गोदाम जळलं की जाळलं, गाडी चोरीला गेली की मेहुण्याच्या अंगणात झाकून ठेवली आहे, पाय मोडलेला माणूस कोणी बघत नसताना जिना कसा उतरतो, हे बघण्यात माझी हयात गेली. संशय हा माझा स्वभाव नाही, व्यवसाय आहे, असं मी घरी सांगत असतो. घरी म्हणजे बायकोला. तिला ते पटत नाही, कारण दुधाची पिशवी मी उजेडात धरून बघतो. पण मला सांगा, नुसतं बघितल्याने दुधाचं काय बिघडतं?

तर माझ्या हातून एक कथा लिहून झाली होती. आयुष्यात पहिलीच. एका निवृत्त हेडक्लार्कच्या घरात भिंतीवर जुनं घड्याळ असतं. ते कधी बंद पडत नाही, मागेपुढे होत नाही. हेडक्लार्क सगळ्यांना सांगत असतो, वस्तू पारखून घेतली की अशी चालते. एक दिवस घड्याळजी काही कामानिमित्त घरी येतो, घड्याळ बघतो आणि विचारतो, ‘याला किल्ली कोण देतं?’ हेडक्लार्क म्हणतो, किल्ली कसली? घड्याळजी हसतो. या घड्याळाला आठवड्याला किल्ली द्यावीच लागते. मग इतकी वर्षं कोण देत होतं? हेडक्लार्क घरादारावर संशय घ्यायला लागतो. मोलकरीण, भाडेकरू, समोरचा वकील, कोणालाच सोडत नाही. आणि मग शेवट. शेवट असा होता की माझा मीच दचकलो होतो.

पहिली वाचक अर्थातच बायको. ती औषधांच्या दुकानात काउंटरवर असते. संध्याकाळी आल्यावर तिने चहा बाजूला ठेवून कथा वाचली. पानं लांब धरून, डोळे बारीक करून वाचली, पण एका दमात वाचली. मी शेवटचं पान खिशात ठेवलं होतं.

“अहो, पुढचं पान?”

“ते छापून आल्यावर.”

“म्हणजे? किल्ली कोण देतं, ते मला पण नाही सांगणार?”

“तसं नाही गं. तुझ्या दुकानात दिवसभर माणसांची ये-जा. बोलता बोलता एखादा शब्द निसटायचा.”

तिने पानं जुळवली, टेबलावर ठोकून सरळ केली. “या गल्लीत कोण कसल्या गोळ्या घेतं, सगळं मला माहीत आहे. आजवर एकाचं तरी नाव माझ्या तोंडून ऐकलंत?”

“गोळ्यांची गोष्ट वेगळी. ही वाङ्मयीन बाब आहे.”

“बरं,” ती म्हणाली.

तिचं ‘बरं’ दोन प्रकारचं असतं. एका ‘बरं’नंतर विषय संपतो. हे दुसरं होतं.

माझ्या या सावधगिरीला अध्यक्षांचा भक्कम पाठिंबा होता. अध्यक्ष म्हणजे आमचे वरच्या मजल्यावरचे शेजारी. ते कशाचेही अध्यक्ष नाहीत, पण चार माणसं जिन्यात उभी राहिली की तिथे सभा सुरू होते आणि समारोप हेच करतात. त्यांचं एक पत्र कधीकाळी वर्तमानपत्रात छापून आलं होतं. विषय गटारांचा होता, पण साहित्यातला अनुभव तो अनुभवच.

“कथा चोरतात हो,” ते त्यांच्या स्कूटरला लाथा मारता मारता म्हणाले. ती सकाळी कधीच सुरू होत नाही. “माझ्या साडूची चोरली.”

“कुठली कथा?”

“ते तो अजून सांगत नाही. पुन्हा चोरतील म्हणून.”

मला हा साडू एकदम जवळचा वाटला. अध्यक्षांनी उपायही सांगितला. कथेची एक प्रत स्वतःच्याच नावावर रजिस्टर टपालाने पाठवायची आणि आलेलं पाकीट न उघडता जपून ठेवायचं. शिक्क्यावरची तारीख हाच पुरावा. एवढं सांगून त्यांनी माझ्या सायकलकडे बघून उसासा टाकला. “तुमचं बरं आहे. सायकलला कसली कटकट म्हणून नाही.”

“पारखून घेतलीय,” मी टायर अंगठ्याने दाबून दाखवला. दगडासारखा टणक होता. “घेतल्यापासून हवेला हात लावलेला नाही. माल चांगला घेतला की मागे बघावं लागत नाही.”

पोस्टात मात्र माझी शोभा झाली. खिडकीतल्या बाईंनी पाकीट उलटंपालटं करून बघितलं.

“पाठवणारे तुम्ही. घेणारे पण तुम्हीच?”

“हो.”

“मग घरी जाऊन स्वतःला द्या ना.”

रांगेतली माणसं हसली. मी कायदेशीर बाब समजावून सांगितली, तर त्यांनी आत साहेबांना विचारायला माणूस पाठवला. साहेब बाहेर येऊन माझ्याकडे बघून गेले. शेवटी पाकीट गेलं. परत आलं तेव्हा मी ऑफिसात आणि बायको दुकानात. दाराला चिठ्ठी लागली, की येऊन घेऊन जा. गेलो, तर त्याच बाई. ओळखपत्र मागितलं, सही मागितली. सही घाईत जरा वेगळी झाली. “पाठवणाऱ्याची सही अशी नाही,” त्या म्हणाल्या. मी म्हटलं, पाठवणारा मीच आहे. त्या म्हणाल्या, ते आम्ही कसं मानायचं? मला त्यांचा राग आला, पण आतून आदरही वाटला. आमच्या खात्यात त्या फार पुढे गेल्या असत्या.

एवढं करूनही मला झोप लागेना, तेव्हा ती युक्ती सुचली. संपादक अधिकार राखून ठेवतात ना? मग मी शेवट राखून ठेवतो. कथा शेवटच्या पानाशिवाय पाठवायची आणि खाली सुवाच्य अक्षरात लिहायचं: ‘शेवट स्वीकृतीनंतर पाठवण्यात येईल.’ वाचनालयातून उतरवलेल्या पत्त्यांपैकी मी तीन निवडले. एक मासिक, एक त्रैमासिक आणि एक अनियतकालिक. अनियतकालिक म्हणजे पुढचा अंक कधी निघणार हे संपादकांनाही माहीत नसतं. त्यातल्या त्यात हा प्रामाणिकपणा मला आवडला.

इकडे घरात दुसऱ्या ‘बरं’चे परिणाम दिसायला लागले.

“आज भाजी काय आहे?” मी विचारलं.

“ताट वाढल्यावर कळेल.”

“तुझ्या भावाचा फोन होता ना? काय म्हणत होता?”

“सांगेन. स्वीकृतीनंतर.”

एक दिवस तिच्या डोळ्यांवर नवा चष्मा दिसला, तपकिरी फ्रेमचा. वाचायचा. मी म्हटलं, “छान आहे. कुठून घेतलास?” ती नुसती चष्म्यावरून बघून पुस्तकात डोकं घालून बसली. भांडण असं नव्हतंच. जेवण वेळेवर, कपडे वेळेवर. पण पूर्वी ती दुकानातल्या गमती सांगायची, नावं न घेता. ते बंद झालं. घर इतकं शांत झालं की फटीतलं झुरळ हललं तरी संशय यावा. मला वाईट वाटत होतं, नाही असं नाही. पण मी मनाशी म्हटलं, एकदा कथा छापून येऊ दे, मग बसून स्वतःच वाचून दाखवू.

आणि नेमकी याच दिवसांत सायकलची हवा जायला लागली होती.

एका सकाळी खाली उतरलो तर मागचं चाक बसलेलं. ढकलत कोपऱ्यावरच्या सायकलच्या दुकानात नेलं. दुकानदाराने ट्यूब पाण्यात बुडवून बघितली. पंक्चर नव्हतं. हवा भरून दिली. पुढच्या आठवड्यात पुढचं चाक. त्यानंतर पुन्हा मागचं.

“कोणीतरी हवा काढतंय,” मी म्हटलं.

“काढत नाही हो कोणी. जुन्या ट्यूबा, हवा उतरते थोडी थोडी. आधी कधी भरली होती?”

“कधीच नाही.”

खोटा दावा करणाऱ्याकडे मी जसा बघतो, तसा तो माझ्याकडे बघायला लागला. मी पाय आपटत निघून आलो.

आता विचार करा. इतकी वर्षं जी सायकल निमूट चालली, ती कथा पाठवल्यावरच का बसावी? मी दाव्याची छाननी करतो तशी पद्धतशीर छाननी केली. मासिकाचं उत्तर आलं होतं: ‘आपली कथा अपूर्ण आहे, उर्वरित पाठवावी.’ म्हणजे गळ टाकला होता. अनियतकालिकाने कथा चक्क परत पाठवली होती. साहित्य परत पाठवणार नाही असं छापतात आणि परत पाठवतात, याचा अर्थ उतरवून झाली. आणि त्रैमासिक? काहीच नाही. पोच नाही, नकार नाही. आमच्या धंद्यात जो दावेदार पैशाची घाई करत नाही, त्याचीच फाइल मी आधी उघडतो.

“दबाव आणतायत,” अध्यक्षांनी निकाल दिला. “आज हवा काढली. उद्या शेवट काढून घेतील.”

मी त्यांच्याकडेही जरा निरखून बघितलं. सायकल कुठे असते हे त्यांना माहीत होतं आणि स्कूटरमुळे त्यांचा माझ्यावर जळफळाट होता. पण ते खाली वाकू शकत नाहीत. कमरेचा त्रास खरा आहे, मी तपासलं आहे.

मग अर्धा दिवस रजा टाकून मी त्रैमासिकाच्या पत्त्यावर गेलो. सायकल हातात धरून, कारण मागचं चाक पुन्हा बसलं होतं. पत्त्यावर कार्यालय नव्हतंच. चष्म्याचं दुकान होतं. पाटीवर मोठ्ठे डोळे रंगवलेले आणि कोपऱ्यात, मुंगीएवढ्या अक्षरांत, त्रैमासिकाचं नाव. मी मनात म्हटलं, सापडलास. आणि गिऱ्हाईक बनून आत शिरलो.

“जवळचं नीट दिसत नाही,” मी सांगितलं.

चष्मेवाले माझ्याच वयाचे, हळू बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी मला उंच खुर्चीत बसवलं, ती जड लोखंडी फ्रेम नाकावर चढवली, दोन भिंगं सरकवली आणि हातात एक कागद दिला. “वाचा मोठ्यांदा.”

तो कागद म्हणजे माझी कथा.

एखाद्याने चोरीचा माल मालकालाच विकायला काढावा, तशी गत. पण तपासात तोंडावरची रेष हलू द्यायची नसते. मी वाचायला लागलो. हेडक्लार्क, घड्याळ, घड्याळजी. वाचता वाचता माझंच मला बरं वाटायला लागलं. भिंगं कधीच जुळली होती, तरी मी थांबलो नाही आणि चष्मेवाल्यांनी थांबवलं नाही. बाकावर एक आजीबाई बसल्या होत्या, त्यांनी पिशवी मांडीवरून खाली ठेवली. मी ‘आता समोरच्या वकिलावर त्याची नजर गेली’ इथपर्यंत आलो आणि पानं संपली.

“पुढे?” आजीबाईंनी विचारलं.

“पुढे नाही,” चष्मेवाले म्हणाले.

“सगळ्यांना हेच वाचायला देता?” मी आवाज शक्य तितका साधा ठेवला.

“आलेलं सगळंच देतो. त्रैमासिक काढतो ना मी. ही माझी छाननी. नंबर जुळला की माणूस म्हणतो, दिसतंय, दिसतंय, पुरे. बहुतेक कथांना दुसऱ्या ओळीतच पुरे म्हणतात. नंबर जुळल्यावरही जो वाचतच राहतो, ती कथा घ्यायची. ही तर एकाने नंबर चुकलेला असताना वाचली. डोळ्यांतून पाणी काढलं, पण कागद सोडला नाही.”

मला खुर्चीतल्या खुर्चीत दोन इंच उंच झाल्यासारखं वाटलं.

“मग छापत का नाही?”

“शेवट कुठे आहे? लेखक कोणी विमावाला आहे. लिहितो, शेवट स्वीकृतीनंतर. मला विचाराल तर त्याला शेवट सुचलेलाच नाही.”

“सुचलाय!” मी ओरडलो. एक भिंग फ्रेममधून निसटून मांडीवर पडलं.

“तुम्हाला काय माहीत?”

“म्हणजे... सुचला असेल. असं म्हणतो.”

त्यांनी भिंग पुसून पुन्हा बसवलं. “गिऱ्हाईकं आपापले शेवट सांगून जातात. कोणी म्हणतं भाडेकरू, कोणी म्हणतं भूत. एक जण तर म्हणाला, हेडक्लार्क स्वतःच झोपेत उठून किल्ली देतो! मी त्याला म्हटलं, तुम्हाला चष्मा नको, विश्रांती हवी.”

आजीबाई खुदकन हसल्या. मी खाली मान घालून माझ्या बुटांकडे बघत राहिलो. तो माझा शेवट होता. अक्षरशः माझा. जो मी बायकोपासून लपवला, पोस्टाच्या पाकिटात बंद केला, ज्याच्यासाठी आठवडेच्या आठवडे घरात अबोला सोसला, तो एका वाटसरूने फुकटात सांगितला होता आणि लोक त्याला हसत होते.

“खरा शेवट एका बाईंनी सांगितला,” चष्मेवाले म्हणाले. “वाचायचा चष्मा करायला आल्या होत्या. कागद हातात घेतला आणि हसल्याच. अर्धा वाचून खाली ठेवला. म्हटल्या, किल्ली बायको देते. दुसरं कोण देणार? तो झोपला की स्टुलावर चढून देते. मी म्हटलं, मग त्याला सांगत का नाही? तर म्हणाल्या, सांगितलं असतं. पण तो सगळ्यांना इतक्या कौतुकाने सांगतो ना, पारखून घेतलंय म्हणून. त्याचा आनंद कशाला घालवायचा?”

आजीबाईंनी मान डोलावली. “आणि तिने द्यायची सोडली तर?”

“मी पण हेच विचारलं. त्या म्हणाल्या, ‘सोडलीय.’ मला काही ते समजलं नाही. म्हटलं, मग त्याला कळलं का? तर म्हणाल्या, ‘छे हो. तो चोर शोधतोय.’”

दुकानात कुठेतरी पंखा फिरत होता. मी नाकावरची फ्रेम काढली.

“लेखकाला कळवणार आहे,” चष्मेवाले सांगत होते. “हा शेवट चालत असेल तर कथा घेतो, नाहीतर नाही. बाईंचं नाव पण विचारलं होतं, आभार छापायला. त्या म्हणाल्या, नाव स्वीकृतीनंतर.”

“फ्रेम तपकिरी होती का?” मी विचारलं.

“हो. तुम्हाला काय माहीत?”

मी फ्रेम त्यांच्या हातात दिली. बाहेर आलो. सायकल भिंतीला टेकून उभी होती, मागचं चाक पार जमिनीला चिकटलेलं. दगडासारखा टणक टायर मी किती लोकांना दाबून दाखवला होता! दुसऱ्यांच्या मोडलेल्या पायांवर पाळत ठेवणारा मी, रोज सकाळी ज्या सायकलवर बसत होतो तिच्याकडे एकदाही नीट बघितलं नव्हतं. मला लाज वाटली. तपासनीस म्हणून वाटली, त्याहून जास्त नवरा म्हणून वाटली. सायकल ढकलत घरी पोचेपर्यंत मी मनातल्या मनात बऱ्याच प्रकारे बोलून बघितलं. एकही प्रकार धड जमला नाही.

बायको दुकानातून आली होती. खिडकीपाशी बसून वाचत होती. मी समोर जाऊन उभा राहिलो.

“शेवट सांगायला आलोय.”

“छापून आला?”

“नाही. पण तुला आधी सांगतो.”

तिने चष्मा कपाळावर चढवला. “बोला.”

“किल्ली बायको देते.”

तिने पुस्तक मिटलं. मग म्हणाली, “हा तुम्हाला सुचला?”

“नाही. मला दुसराच सुचला होता. तो वाईट होता.”

“कोणता होता?”

मी खिशातून शेवटचं पान काढून तिला दिलं. तिने ते वाचलं. ओठ दाबून धरले, खांदे हलायला लागले, आणि मग तिला हसू आवरेना. डोळे पुसत म्हणाली, “झोपेत! अहो, झोपेत तुम्ही कुशीवर सुद्धा वळत नाही.” कितीतरी दिवसांनी घरात आवाज झाला होता. माझ्या कथेची त्या दिवसातली ही दुसरी थट्टा, पण हिचं मला काहीच वाटलं नाही.

“पंप कुठे असतो?” मी विचारलं.

तिचं हसू थांबलं. “कॉटखाली. पेटीच्या मागे.”

मी पालथा पडून हात घातला. तिथे खरोखर पंप होता. मुठीवरचा रंग पार उडालेला. इतकी वर्षं मी त्या कॉटवर झोपत होतो.

खाली गेल्यावर त्याची नळी व्हॉल्व्हला लावायला मला येईना. ती मागून उतरली, जिन्याच्या पायरीवर बसून नुसती सांगत होती. “तिरकी नका धरू. पायाने दाबा. आता मारा.” मी मारत होतो. कपाळावर घाम आला, शर्ट सुटला, आणि चाक हळूहळू वर यायला लागलं.

वरच्या सज्जातून अध्यक्ष डोकावले. “काय, पुन्हा हवा गेली? अहो, आता तक्रार करा. कोणी काढली, लागला का पत्ता?”

मी थांबलो. पायरीवर ती चष्मा पुसत होती, जणू काही ऐकलंच नाही.

“काढली नाही हो कोणी,” मी वर बघून म्हणालो. “इतके दिवस कोणी भरली नव्हती.”